दोन खांबांमधली कारकीर्द

नागपूर–तुळजापूर महामार्गाने निघालं, की बुटीबोरीनंतर सेलू, पवनार, वर्धा, देवळी अशी आपल्या वर्धा जिल्ह्यातली गावं लागतात आणि पुढे कळंबवरून यवतमाळ येतं. रस्त्याच्या या टप्प्याच्या एका टोकाला, नागपुरात, १९०२ साली रिचर्ड ॲलन यांचा जन्म झाला. दुसऱ्या टोकाला, यवतमाळात, १९९२ साली आकाश चिकटे जन्मला. दोघांमध्ये ९० वर्षांचं अंतर, पण काम एकच. दोघांनीही भारताच्या हॉकी संघाचा गोल राखला. ॲलन तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी, तर चिकटे आशिया चषक जिंकणाऱ्या संघातला. वर्धा या दोघांच्या मधोमध आहे, दोन्हीकडे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तरीही शाळेच्या मैदानावर गोलात उभं राहायला कोणाला सांगतात? ज्याला पळता येत नाही, त्याला.

ही सवय किती चुकीची आहे, ते कळण्यासाठी गोलरक्षकाचं काम नीट समजून घ्यायला हवं. आणि या कामाची सर्वांत कठोर परीक्षा जिथे होते, ती जागा म्हणजे बर्फावरची हॉकी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या वर्ध्यात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर. कॅनडा, रशिया, स्वीडन, फिनलंड, चेक प्रजासत्ताक या देशांतली मुलं मात्र चालायला शिकली की वर्षा-दोन वर्षांत बर्फावर घसरायलाही शिकतात. तिथे गोलरक्षण हा एक पूर्ण व्यवसाय आहे. त्याचं स्वतंत्र शिक्षण आहे, स्वतंत्र प्रशिक्षक आहेत आणि स्वतंत्र इतिहासही आहे.

पाव सेकंदाचा हिशेब

मैदानी हॉकीत चेंडू असतो, बर्फावरच्या हॉकीत कडक रबराची चपटी चकती. चकतीचा व्यास ३ इंच आणि जाडी १ इंच. चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, चकतीचं १५६ ते १७० ग्रॅम. म्हणजे हातात घेऊन पाहिलं तर दोन्ही जवळपास सारख्याच वजनाची. फरक पडतो तो वेगात आणि गोलाच्या आकारात.

मैदानी हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. बर्फावरचा गोल १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच. क्षेत्रफळ काढलं तर मैदानी गोल साडेतीनपट मोठा भरतो. त्यामुळे दोन्ही गोलरक्षकांची विद्या वेगळी झाली. मैदानी गोलरक्षकाला सगळा गोल अंगाने झाकता येत नाही. त्याला पुढे सरकून कोन कमी करावा लागतो, झेप घ्यावी लागते, पायाने चेंडू दूर मारावा लागतो. बर्फावरचा गोलरक्षक आपल्या अंगाने आणि पॅडने गोल शक्य तितका भरून टाकतो आणि उरलेल्या फटींची राखण करतो.

आता वेग पाहू. बर्फावर जोरात मारलेली चकती ताशी १६० किलोमीटरपर्यंत आणि कधी त्याहूनही पुढे जाते. या वेगाने ती सेकंदाला ४४ मीटर अंतर कापते. फटका १० मीटरवरून मारला असेल तर गोलरक्षकाच्या हातात २३ शतांश सेकंद उरतात. डोळ्याने पाहिलेली गोष्ट मेंदूपर्यंत पोहोचून स्नायू हलायलाच माणसाला साधारण २० शतांश सेकंद लागतात. चकती निघाल्यावर विचार करू म्हणणाऱ्याला हात उचलायलासुद्धा वेळ मिळत नाही.

मग गोल वाचतो कसा? चकती काठीवरून सुटण्याआधीच गोलरक्षकाचं अर्धं काम झालेलं असतं. मारणाऱ्याचा खांदा कुठे वळला, काठीचं पातं किती उघडलं, वजन कोणत्या पायावर गेलं, मधे कोण आडवा आला, हे सगळं तो वाचत असतो. मैदानी हॉकीच्या पेनल्टी कॉर्नरलाही हेच होतं. वर्तुळाबाहेर थांबवलेला चेंडू गोलापासून साधारण १५ मीटरवर असतो आणि ताशी १२० किलोमीटरच्या ड्रॅग फ्लिकला, म्हणजे काठीने ओढत फेकलेल्या चेंडूला, तिथून गोलात यायला अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणून चांगला गोलरक्षक हा आधी चांगला वाचक असतो. जे पोर पळताना मागे पडतं, पण खेळ पाहताना सगळ्यांच्या आधी ओळखतं की चेंडू कुठे जाणार, ते या जागेसाठी योग्य असू शकतं. पण चपळाई त्यालाही सुटत नाही. बर्फावरच्या गोलरक्षकाच्या अंगावर २० किलोच्या आसपास साहित्य असतं आणि ते घेऊन त्याला एका सामन्यात शेकडो वेळा गुडघ्यांवर बसून उठावं लागतं.

उघड्या चेहऱ्याची वर्षं

आज हेल्मेटशिवाय गोलरक्षक दिसला तर पंच सामना थांबवेल. पण १९५९ पर्यंत बर्फावरचे बहुतेक गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने उभे राहत. ग्लेन हॉल या कॅनडाच्या गोलरक्षकाने १९५५ ते १९६२ या काळात उत्तर अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये सलग ५०२ सामने खेळले, तेही मुखवट्याशिवाय. गोलरक्षकांमधला हा विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही. या हॉलला सामन्याआधी ओकारी व्हायची. मनावरचा ताण शरीर असा बाहेर टाकत असे, आणि तरी तो बर्फावर उतरत असे.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमधल्या सामन्यात माँट्रियलच्या जॅक प्लांटच्या चेहऱ्यावर प्रतिस्पर्धी अँडी बाथगेटचा फटका बसला. त्या काळी संघासोबत दुसरा गोलरक्षक नसे. प्लांट आत गेला, टाके घालून घेतले आणि प्रशिक्षकाला म्हणाला की मुखवटा घालू दिला तरच परत जाईन. सरावात तो फायबरग्लासचा मुखवटा वापरत होता. सामन्यात मात्र प्रशिक्षक टो ब्लेक यांना तो नको होता, कारण मुखवटा म्हणजे भित्रेपणा, असा तेव्हाचा समज होता. त्या रात्री पर्याय नव्हता. प्लांट मुखवटा घालून उतरला आणि माँट्रियलने सामना ३–१ असा जिंकला. पुढच्या पंधरा वर्षांत उघड्या चेहऱ्याचा गोलरक्षक त्या लीगमधून नाहीसा झाला.

ही गोष्ट आपल्यासाठीही महत्त्वाची आहे. धैर्य आणि संरक्षण यांत भांडण नाही. हेल्मेट आणि पॅड मिळाले की मुलाची भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की डोळे चेंडूवर टिकतात. फाटक्या पॅडवर उभं केलेल्या मुलाला आपण शूर बनवत नसतो. चेंडू आला की डोळे मिटायला शिकवत असतो.

वाट पाहण्याची नोकरी

उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. प्रत्येक संघात सामन्याला दोन गोलरक्षक, म्हणजे साऱ्या जगातून या लीगमध्ये जागा ६४. त्यातही बर्फावर उभा राहतो तो एकच. दुसरा बाकावर बसून पाहतो. आघाडीचा किंवा बचावाचा खेळाडू सामन्यात काही मिनिटांसाठी तरी उतरतो आणि छाप पाडतो. दुसऱ्या गोलरक्षकाला तीही संधी नाही. पहिला जखमी झाला, थकला किंवा त्याचा खेळ बिघडला, तरच त्याची पाळी येते. पण पाळी आली की पहिल्या मिनिटापासून तयार असावं लागतं.

डोमिनिक हाशेकचं उदाहरण घ्या. १९८३ मध्ये याच लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत या चेक गोलरक्षकाचं नाव १९९ व्या क्रमांकावर आलं. तो अमेरिकेत पोहोचला १९९० मध्ये. शिकागोत तो दुसरा गोलरक्षक, मग बफेलोतही आधी दुसराच. बफेलोचा पहिला गोलरक्षक जखमी झाला तेव्हा हाशेक जवळपास २९ वर्षांचा होता. त्यानंतर त्याने जागा सोडली नाही. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात कॅनडाने शूटआउटमध्ये त्याच्यावर पाच फटके मारले आणि पाचही त्याने अडवले. अंतिम सामन्यात चेक संघाने रशियाला १–० असं हरवून सुवर्ण जिंकलं. ज्या वयात अनेक खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात हाशेकची खरी कारकीर्द सुरू झाली होती.

यात निसर्गाचाही हात आहे. पायांचा वेग विशीनंतर हळूहळू उतरतो, पण खेळ वाचण्याची नजर वर्षांनी धारदार होते. म्हणून गोलरक्षक उशिरा पिकतात आणि जास्त टिकतात. त्याच लीगमधला गोलरक्षक मार्टिन ब्रॉडर बेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला आणि ६९१ विजयांचा विक्रम मागे ठेवून गेला. आपला पी. आर. श्रीजेश छत्तिसाव्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक गळ्यात घालून निवृत्त झाला.

वाट पाहण्याची सर्वांत विलक्षण कहाणी डेव्हिड एअर्सची. टोरांटोत बर्फाचं मैदान गुळगुळीत करणारी गाडी चालवणं, हे त्याचं एक काम. २००४ मध्ये त्याच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं होतं. मूत्रपिंड दिलं होतं त्याच्या आईने. तो सरावात गोलात उभा राहायचा आणि सामन्यांना राखीव माणूस म्हणून हजर असायचा. २२ फेब्रुवारी २०२० रोजी पाहुण्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक एकाच सामन्यात जखमी झाले आणि ४२ वर्षांच्या एअर्सला बोलावणं आलं. पहिले दोन फटके गोलात गेले. पुढचे आठच्या आठ त्याने अडवले. कॅरोलायनाने सामना ६–३ असा जिंकला. हजारदा रिकाम्या मैदानावर केलेला सराव त्या अर्ध्या तासाला पुरला.

यवतमाळचा आकाश

आता पुन्हा आपल्या रस्त्यावर येऊ. आकाश चिकटेची कारकीर्दही दुसऱ्या गोलरक्षकाची म्हणूनच सुरू झाली. त्याच्या पुढे श्रीजेश होता, भारताचा कर्णधार आणि जगातल्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक. २०१६ मध्ये मलेशियात कुआंतानला आशियाई चॅम्पियन्स करंडकाची स्पर्धा होती. उपांत्य सामन्यानंतर श्रीजेशला दुखापतीमुळे बसावं लागलं आणि पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात गोलात आकाश उभा राहिला. ३० ऑक्टोबर २०१६, दिवाळीचा दिवस. भारत ३–२ असा जिंकला.

२०१७ च्या मे महिन्यात अझलान शाह चषकात श्रीजेशचा गुडघा दुखावला आणि तो कित्येक महिने बाहेर गेला. त्या ऑक्टोबरमध्ये ढाक्यातल्या आशिया चषकासाठी भारताने दोन गोलरक्षक नेले: यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. भारताच्या गोलाची राखण त्या स्पर्धेत दोन महाराष्ट्रीय मुलांकडे होती. २२ ऑक्टोबरला मलेशियाला २–१ असं हरवून भारताने दहा वर्षांनी आशिया चषक परत आणला.

त्यानंतर आली ६ डिसेंबर २०१७ ची भुवनेश्वरची रात्र. जागतिक हॉकी लीगच्या अंतिम फेरीतला उपांत्यपूर्व सामना, समोर रिओ ऑलिंपिकचा रौप्यविजेता बेल्जियम. ठरलेल्या वेळेत ३–३ बरोबरी झाली आणि सामना शूटआउटमध्ये गेला. हॉकीच्या शूटआउटमध्ये हल्लेखोर २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो आणि त्याला ८ सेकंद मिळतात. गोलरक्षक एकटा पुढे येतो. लवकर झेप घेतली तर चेंडू बाजूने जातो, उशीर केला तर डोक्यावरून. पाच-पाच प्रयत्नांनंतरही बरोबरी राहिली. मग हरमनप्रीत सिंगने गोल केला आणि बेल्जियमच्या आर्थर व्हॅन डोरेनला आकाशने गोल करू दिला नाही. भारत उपांत्य फेरीत गेला आणि स्पर्धेअखेर जर्मनीला हरवून कांस्यपदक घेऊन परतला.

यानंतरचा भाग सांगताना मन जड होतं, पण तो टाळणं योग्य नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये बंगळुरूच्या शिबिरात घेतलेल्या उत्तेजक चाचणीत आकाशच्या नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य आढळलं. पायाच्या दुखापतीवर घेतलेल्या औषधाचा मुद्दा सुनावणीत मांडला गेला. त्याने ते द्रव्य जाणूनबुजून घेतलेलं नाही, हे समितीने मान्य केलं. तरीही दोन वर्षांची बंदी लागली आणि त्याच वर्षीचा भुवनेश्वरचा विश्वचषक हातातून गेला. या नियमांत शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच असते. हेतू चांगला होता, एवढ्यावर सुटका होत नाही. आपल्या गावाखेड्यांतल्या मुलांना हे कोणी तरी वेळेवर सांगितलं पाहिजे. गोळी असो, इंजेक्शन असो की ताकदीची पावडर, क्रीडावैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही. भुवनेश्वरची ती रात्र मात्र कोणत्याही निकालाने पुसली जात नाही, आणि विदर्भाने ती विसरू नये.

ॲलन आणि लक्ष्मण

नागपुरात जन्मलेल्या ॲलन यांची कामगिरी आज वाचताना आश्चर्य वाटतं. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. ध्यानचंद यांच्या गोलांची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. त्या शून्याची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध भारत २४–१ असा जिंकला. त्या एका गोलाच्या वेळी ॲलन गोलामागे प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होते, असं सांगितलं जातं. १९३६ च्या बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध ८–१. तीन ऑलिंपिक, तीन सुवर्णपदकं.

दुसरं नाव शंकर लक्ष्मण यांचं. ते महूचे, पण नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचा गोल राखला. १९५६ मध्ये भारतावर एकही गोल झाला नाही. १९६४ च्या टोकियोतल्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला १–० असं हरवताना ते भिंतीसारखे उभे राहिले. १९६६ च्या आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते आणि भारताने सुवर्ण जिंकलं. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, सैन्यात कॅप्टनपदापर्यंत बढती असं सगळं मिळूनही २००६ मध्ये पायाच्या गँगरीनने, आर्थिक ओढाताणीत, महूला त्यांचं निधन झालं. खेळाडूची कारकीर्द मैदानावर संपते. त्याचं आयुष्य त्यानंतरही तीस-चाळीस वर्षं चालतं. त्या वर्षांची तजवीज हा कारकिर्दीचाच भाग मानायला हवा.

आपल्या देशात बर्फावरही गोलरक्षक घडत आहेत. लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर हिवाळ्याचे जेमतेम दोन-अडीच महिने खेळायला मिळतात, तरी तिथल्या मुलींनी भारताचा संघ उभा केला. २०१६ मध्ये तो पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि २०२५ मध्ये महिलांच्या आशिया चषकात त्याने कांस्यपदक मिळवलं. लेहची नूर जहाँ या संघाची गोलरक्षक राहिली आहे. पेशाने ती जुनी भित्तिचित्रं आणि कलावस्तू जपणारी संवर्धक आहे. ज्यांना वर्षातून दहा आठवडे मैदान मिळतं त्या मुली पदक आणतात. आपल्याकडे मैदान बारा महिने आहे.

वर्ध्यातल्या शिक्षकांना आणि पालकांना

नेहरू हॉकी स्पर्धा जिल्हास्तरापासून होते, पुण्यात क्रीडा प्रबोधिनी आहे, सैन्य आणि रेल्वे हॉकीपटूंना नोकरी देतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रस्ता आहे, त्याची सुरुवात शाळेच्या मैदानावर होते. म्हणून तीन गोष्टी कराव्यात, एवढीच विनंती आहे. गोलात उभं करायला पळता न येणारं मूल शोधू नका. खेळ वाचणारं, न घाबरणारं, चूक झाली तरी पुढच्या चेंडूसाठी तयार होणारं मूल शोधा. शाळेच्या खर्चात गोलरक्षकाचं हेल्मेट, पॅड आणि पावलांवरचे किकर सर्वांत आधी घ्या, काठ्या नंतर. आणि सरावाची शेवटची पंधरा मिनिटं फक्त त्या एका मुलाला द्या, दुसऱ्या गोलरक्षकालाही. त्याची पाळी कधी येईल हे कोणालाच ठाऊक नसतं, पण येईल तेव्हा तो तयार असला पाहिजे.